सलग तीन गैरहजेऱ्या

आमच्या खेळाचं वेळापत्रक हॉस्पिटलमध्ये ठरायचं. ज्याच्या घरी आम्ही खेळायचो त्याची आई नर्स होती. तिला नाइट ड्यूटी असली की ती दिवसा झोपायची, आणि सलवा भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टेबलावर फासे पडले तरी ते आतल्या खोलीत ऐकू जायचे. म्हणून दर महिन्याला तो तिच्या ड्यूटीच्या तक्त्याची झेरॉक्स शाळेत आणायचा आणि माझ्याकडे द्यायचा. ज्या गुरुवारी तिची ड्यूटी दिवसाची असेल, त्या गुरुवारांभोवती मी गोल करायचे. तेव्हा तिकडे आखातात शाळांना सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. माझ्या बाबांना गुरुवारी अर्धा दिवस. ते मला अबू हलीफाच्या आमच्या घरून गाडीने आणायचे आणि खेळ संपेपर्यंत खाली गाडीत पेपर वाचत बसायचे.

आम्ही पाच जण होतो. ज्याचं घर तो गोष्ट सांगायचा, त्याला आम्ही मास्टर म्हणायचो. तो केरळचा, बारावीतला. बाकी चौघांनी त्या गोष्टीत एकेक माणूस घेतलेला असायचा आणि आपला माणूस काय करतो ते आपण सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. गोव्याची दोन भावंडं होती, बहीण माझ्या वर्गात. मी तिरंदाज होते, कारण तिरंदाजाला लांब उभं राहता येतं आणि फारसं बोलावं लागत नाही. आणि एक मुलगा होता सबाह अल-सालेम भागातला. तो दुसऱ्या शाळेतला, गोव्याच्या मुलाच्या ट्यूशनमधला. घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच, पण टेबलावर सगळं इंग्रजीत चालायचं. तो वैद्य होता. लढाईनंतर सगळ्यांच्या जखमा तो बांधायचा, आणि ते करताना खरोखरच विचारायचा, कुठे लागलं, किती दुखतंय. गोव्याची मुलगी त्याला चिडवायची, "डॉक्टर, आधी फॉर्म भरू का?"

हजेरीची वही माझ्याकडे होती. कुणी न कळवता राहिलं की सगळ्यांचा गुरुवार फुकट जायचा, म्हणून नियमही मीच सुचवला होता. परीक्षा, ताप, पाहुणे असं कारण कळवलं तर नावापुढे ई, म्हणजे एक्स्क्यूज्ड. कारण नसेल तर ए, म्हणजे ॲब्सेंट. सलग तीन ए झाले की त्याचा माणूस गोष्टीत मरणार आणि खुर्ची दुसऱ्याला मिळणार. मास्टरच्या वर्गातला एक जण खुर्चीसाठी वाट बघतच होता. मला हा नियम फार आवडायचा. मी बोलायला लागले की लोक मध्येच दुसरं काही बोलायला लागत. वही उघडली की मात्र गप्प बसत.

अकरावीच्या हिवाळ्यात एका बुधवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. आईने घेतला. "अगं, तुमच्या खेळातला मुलगा," ती म्हणाली आणि रिसीव्हर देऊन तिथेच भाजी निवडत बसली.

"उद्या नाही जमत," तो म्हणाला. मागे फ्रिजचं दार आपटल्याचा आणि कुणीतरी खुबूस रोटी मागत असल्याचा आवाज होता. घरचा फोन बंद होता. तो बिल्डिंगखालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, बोलत होता.

"कारण?" मी पेन घेऊन विचारलं.

तो मराठीत, हळू आवाजात म्हणाला, "बाबांची कंपनी बंद पडली. इकामा संपला आमचा. बाबा गाडी काढत नाहीत, चेकिंग असतं ना रस्त्यावर. मला शाळेतही येऊ देत नाहीत, इकाम्याची कॉपी आण म्हणतात. पण हे कुणाला सांगू नको हां. आईला कळलं मी सांगितलं तर मारेल मला."

इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो संपलेला माणूस कसा राहतो ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं. तो घराबाहेर पडत नाही.

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"लिही काहीतरी."

मी ए लिहिलं. कारण मला ठाऊक होतं, पण सांगायचं नव्हतं. न सांगता येणारं कारण म्हणजे कारण नाही, असा मी हिशोब केला. आणि खोटं लिहिलेली वही मला चालली नसती.

दुसऱ्या बुधवारी तो म्हणाला, "ताप लिही ना. उद्या दोन होतील माझे."

"गेल्या वेळी ए लिहिलंय. आता मध्येच ताप कसा?"

"ताप मध्येच येतो," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही, कारण आई बघत होती.

"दिवसभर करतोस काय?" मी विचारलं. असं मी कुणाला विचारत नसे.

"काही नाही. पडदे लावून बसतो. बाबा टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही बघतात. मी पुढच्या लढाईसाठी औषधांची यादी केलीय. चार पानं झाली. मला फक्त गुरुवार पाहिजे गं. बाकी गेलं तरी चालेल."

त्या गुरुवारी एक्सप्रेसवेवर सबाह अल-सालेमचा फाटा आला, तेव्हा बाबा सरळ पुढे गेले. आम्ही दर वेळी तिथूनच जायचो. मी बाबांना एवढंच सांगायला हवं होतं, की इथे एक मुलगा राहतो, त्याला घेऊ. पुढे मी स्वतःला समजावलं की चेकिंगमध्ये बाबा अडकले असते म्हणून मी बोलले नाही. ते खरं नाही. त्या वेळी चेकिंग माझ्या मनातही आलं नव्हतं. बाबा विचारतील, कोण मुलगा, तुला कसा फोन करतो, किती वेळा करतो, याची मला भीती वाटली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तिसऱ्या बुधवारी तो फारसं बोलला नाही. "उद्या तिसरा," एवढंच म्हणाला. मग, "तू सांगितलंस तर ऐकतील ते. तू कधी खोटं बोलत नाहीस हे सगळ्यांना माहितीय. एकदा बोल ना."

"बघते," मी म्हणाले.

गुरुवारी गोव्याची मुलगी आल्या आल्या म्हणाली, "आजही डॉक्टर नाहीत? मग यमाला फोन करा." तिचा भाऊ म्हणाला, "त्याच्या घरी फोन लागतच नाही. कंटाळला असेल, तसं सांगायचं तरी." मास्टरला ते आवडलं नाही. तो माझ्याकडे वळला. "वहीत काय आहे? काही कळवलंय का त्याने?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताप आहे, एवढं म्हणायचं होतं. सगळे बघत असले की मला फक्त लिहिलेलं वाचता येतं, आणि मी तेच केलं.

"ए, ए, ए," मी म्हणाले.

मास्टरने त्याला चांगलं मरण दिलं. पूल तुटतो, वैद्य आधी आम्हा तिघांना पलीकडे पोचवतो आणि खाली जातो. वाचतो का, हे बघायला एकदा फासा टाकायचा होता. मास्टर म्हणाला, "वहीवाली टाकेल." मी टाकला. तीन आला, कमी पडला. गोव्याची मुलगी टाळ्या वाजवणार होती, पण माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

चौथ्या बुधवारी त्याचा आवाज मोठा होता. "उद्या येतोय मी! बाबांचे मित्र सोडतील." सरकारने मुदत जाहीर केली होती. त्या मुदतीत निघून गेलं तर कुणाला पकडत नव्हते. त्यांचे कागद झाले होते. "शनिवारी विमान आहे. हेही कुणाला सांगू नको, मला तिथे रडारड नको. एकदा खेळायचंय फक्त. गेल्या वेळी काय झालं? वाचलो ना मी?"

"ये तू," मी म्हणाले. "मग कळेल."

तो आला. केस कापले होते, शर्टाला इस्त्री होती, चार पानांची यादी फाइलमध्ये घातली होती. त्याच्या खुर्चीत मास्टरच्या वर्गातला मुलगा बसला होता. मास्टरने त्याला पुलाचं सांगितलं, नीट, वाईट वाटून. "तू काही कळवलंच नाहीस यार."

त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच, फार वेळ नाही. मग मास्टरला म्हणाला, "हो. राहून गेलं."

मास्टरने त्याला त्या दिवसापुरता एक खाणावळवाला दिला, ज्याच्याकडे आमचे लोक जेवायला उतरले होते. त्याने तीन तास आम्हाला जेवण वाढलं. कोण काय खाणार ते विचारलं, माझ्या तिरंदाजालाही. गोव्याच्या मुलाने विचारलं, "पुढच्या गुरुवारी नवा माणूस करतोस ना?" तो म्हणाला, "बघू." फाइल त्याने उघडली नाही.

त्याच्या बाबांचे मित्र न्यायला आलेच नाहीत. खाली माझ्या बाबांनी त्याला उभा बघितला. "कुठे जायचंय रे तुला? सबाह अल-सालेम? आमच्या वाटेवरच आहे. बस पुढे."

मी मागे बसले. बाबा खुशीत होते, मराठी मुलगा भेटला की ते असेच असायचे. गाव कुठलं, बाबा काय करतात. तो म्हणाला, देवरुखजवळ. बाबा एसीचं काम बघतात. मग बाबा म्हणाले, "गेले तीन-चार आठवडे दिसला नाहीस तू खाली? मी तर तिथेच असतो."

"मी येत नव्हतो काका. सोडायला कुणी नव्हतं."

"अरे! मग हिला सांगायचंस. दोन मिनिटांचा फेरा. घेऊन आलो असतो की."

मला त्याची मान दिसत होती आणि नव्याने कापलेले केस.

"मला माहीत नव्हतं काका," तो म्हणाला, "तुम्ही इथून जाता ते."

तो बकाल्यापाशी उतरला. बाबांना थँक यू म्हणाला. मला काही म्हणाला नाही. बाबांनी काच खाली करून सांगितलं, "पुढच्या गुरुवारी तीन वाजता खाली उभा राहा." तो हो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी फाटा जवळ आला तेव्हा बाबांनी इंडिकेटर दिला.

"तो नाहीये," मी म्हणाले.

"आज येत नाही?"

"गेले ते. इंडियाला. शनिवारी."

"कायमचे?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

मी हो म्हणाले. बाबांनी इंडिकेटर बंद केला आणि ते सरळ पुढे गेले.