दोन्ही शेतं, बांधासकट

खांद्यावरचा टॉवेल टेबलावर पसरायचा, दोन्ही कडांवर तळवे ठेवायचे आणि सावकाश मधे रेटायचं. टॉवेलाला घड्या पडून मधला भाग उठला की आमचे भूगोलाचे सर वर्गाला विचारायचे, "झाला डोंगर. मग मधला समुद्र कुठं गेला?" आणि स्वतःच सांगायचे, "मिटला. मिटायला कोट्यवधी वर्षं लागली, म्हणून कुणी बोंब मारली नाही."

येरमाळ्याजवळच्या आमच्या शाळेत ते तासिका तत्त्वावर होते. मी विज्ञानाचा, कायम. दोन वर्गांमध्ये पत्र्याचं पार्टिशन, त्यामुळे त्यांचा प्रत्येक तास मला ऐकू यायचा. पुराजीव महाकल्प, म्हणजे डायनासोरच्याही आधीचा काळ, त्यांचा लाडका. पुस्तकात त्याला चार ओळी, सर आठवडा घ्यायचे. विखुरलेली खंडं एकमेकांवर आदळून एक झाली, मधले समुद्र बुजले, तळातले शिंपले डोंगरमाथ्यावर जाऊन बसले, हे सगळं ते भावकीतली भानगड सांगावी तसं सांगायचे. भर एप्रिलात म्हणायचे, "त्या काळात आपली जमीन दक्षिण ध्रुवाकडं, बर्फाखाली होती. स्वेटर काढू नका." एका मुलीनं विचारलं, तेव्हा आपला बालाघाटचा डोंगर होता का? "बालाघाट? ते कालचं लेकरू."

असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. त्यांच्यावर हसताना आपल्याला बरंच काही कळून जातं.

घात झाला तो मोजणीच्या दिवशी. संस्थेच्या अध्यक्षांच्या रानाला लागून एका पालकाचं शेत होतं. मोजणीत त्याचा बांध अध्यक्षांच्या रानात दोन हात आत निघाला. तो पालक शांतपणे म्हणाला, "म्या न्हाय सरकवला. जमीनच सरकती. भूगोलाच्या सरांनी पोरीला शिकवलंय." अख्खा गाव आठवडाभर हसला. अध्यक्ष हसले नाहीत.

त्यांनी बैठक बोलावली. सर एका टोकाला उभे होते. अध्यक्षांनी मला विचारलं, "तुमचा वर्ग शेजारी. जमीन सरकते, असं हे म्हणाले का?"

सरांचं पुढचं वाक्य मला पाठ होतं. नखं वाढतात त्या चालीनं अख्खा खंड सरकतो, आणि सरकलाच तर दोन्ही शेतं बांधासकट सरकतात. एवढंच सांगायचं होतं. पण मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती.

"हो, म्हणाले होते," मी म्हणालो.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढचं बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी पाण्याचा ग्लास उचलला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे तास माझ्याकडं आले आणि ते गावी, सोनारीला गेले. वर्षभरानं मी मुख्याध्यापक झालो. जळकोटच्या एका लग्नात ते दुरून दिसले, तेव्हा मी न जेवता निघालो.

गेल्या हिवाळ्यात ते वारल्याचं कळलं. दहावा झाल्यावर मी सोनारीला गेलो. दारातूनच परत फिरावं असं वाटत होतं, पण सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, नाव विचारलं आणि लगबगीनं सतरंजी अंथरली.

"तुमचं नाव लई घ्यायचे," त्या म्हणाल्या. "बैठकीत सगळे गप बसले, एकटे तुम्हीच त्यांच्या बाजूनं बोललात म्हणं. अध्यक्षांनीच ऐकलं न्हाय. माझ्या माहेरच्यांनाही सांगायचे, माझं शिकवणं चूक न्हवतं, एक जण बोलला."

मी सतरंजीचा निघालेला दोरा ओढू लागलो.

"काय बोलला होता हो तुम्ही? त्यांच्या तोंडून लई बार ऐकलंय. एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मी सांगू लागलो. नखं वाढतात त्या चालीनं अख्खा खंड सरकतो, सरकलाच तर दोन्ही शेतं... इथं मी अडलो.

 मला आठवत नसेल असं समजून वहिनींनीच हळू सांगितलं, "बांधासकट."