सुरेशच्या घरातली मडकी

"मॅडम, पाय उचलून टाका, पण आपटू नका," सुरेश म्हणाला. "आणि त्या पलंगाखाली वाकून बघू नका, घोरपड हाय. ती काय करत नाय."

मी दारातच उभी होते. 'ती काय करत नाय' हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. मारकी म्हैस काय करत नाय, चावरं कुत्रं काय करत नाय. आपल्या हाताला टाके पडले की मालक म्हणतो, आजच कसं काय केलं बुवा!

मी रोह्याच्या सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर होते. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या. साप चावलेली म्हैस आली तरच सापाशी संबंध. आणि खरं सांगते, मला सापाची भीती वाटते. रेंजर साहेबांना, म्हणजे वनखात्याच्या आमच्या भागातल्या अधिकाऱ्यांना, मी हे तोंडावर सांगितलं होतं.

"साहेब, दुसरा कोणी बघा."

"दुसरा कोण आहे? जंगलात सोडायचा साप धड आहे का, हे डॉक्टरने बघायला हवं. आणि इथे डॉक्टर तुम्हीच."

"मी म्हशींची डॉक्टर आहे."

"मग म्हैस समजून बघा," असं म्हणून साहेब स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही. त्या सकाळी मी माणसांच्या दवाखान्यात जाऊन सापाची लस शिल्लक आहे का ते विचारून आले. आहे म्हणाले. तरी सुरेशच्या वरसे गावापर्यंत जीपमध्ये माझे तळहात ओले होते.

सुरेश एका कंपनीत शिफ्टला जायचा आणि उरलेल्या वेळात साप पकडायचा. तेव्हा मोबाइल नव्हते. कोणाच्या घरात साप निघाला की लोक सायकल मारत त्याच्या दारात यायचे. हा जायचा, पकडायचा, लोक चहा पाजायचे. इथपर्यंत सगळं गोड. सोडायची वेळ आली की प्रत्येक गाव म्हणणार, आमच्या हद्दीत नको. एकदा त्याने नदीपलीकडे एक धामण सोडली. धामण बिनविषारी, उंदीर खाणारी, शेतकऱ्याची मैत्रीण. तरी तिथल्या लोकांनी त्याला वाटेत अडवलं. "तुमच्या गावचा साप आमच्यात कशाला?" जसं काही सापाला रेशनकार्ड असतं! मग हा साप घरी आणायला लागला. आज सोडतो, उद्या सोडतो करत मडकी वाढली. मडक्यांबरोबर माया वाढली. त्यात कोणी घोरपड आणून दिली, कोणी विहिरीतली कासवं. मी गेले तेव्हा घराची मागली खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मडक्यांनी भरलेली होती, कासवं न्हाणीत होती, आणि घरभर एक कुबट, ओला वास होता. तो वास माझ्या साडीला धुतल्यावरही येत राहिला.

त्याची बायको वैशाली पहिल्या बाळंतपणाला पेणला माहेरी गेली होती. मुलगी झाली. सव्वा महिना होऊन गेला तरी वैशाली परत येईना. तिचे वडील गणपतीचे कारखानदार, म्हणजे मूर्ती करणारे. पण हट्ट त्यांचा नव्हता, तिचा होता. सुरेश म्हणाला, अर्धे कमी करतो. ती म्हणाली, एकही नको. हा म्हणाला, विषारी तेवढे देतो. ती म्हणाली, एकही नको. शेवटी हा आपण होऊन रेंजर साहेबांकडे गेला. साप घरात पाळणं हा कायद्याने गुन्हा. साहेबांनी त्याला सांगितलं, "तू स्वतः आलास म्हणून केस करत नाही. पण सगळे द्यायचे. एक जरी मागे ठेवलास तर मग मी तुझा कोणी नाही."

आणि वैशाली त्याच दिवशी दुपारच्या गाडीने बाळ घेऊन यायची होती. तिच्या वडिलांनी दिवस चांगला बघितला होता. तोवर घर रिकामं करायचं, हे आमचं काम.

मागल्या खोलीत शिरताच सुरेश जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"आई," त्याने हाक मारली. "चिंध्या कुठं गेल्या?"

त्याची पद्धत अशी. मडक्याच्या तोंडाला जाड फडकं बांधायचं आणि मडक्याच्या गळ्यात एक चिंधी. विषारी असेल तर काळी, बिनविषारी असेल तर लाल. आता बघावं तिकडे लालच लाल. आणि मडक्यांच्या जागाही बदललेल्या.

त्याची आई पदराला हात पुसत आली. "काळ्या मी काढल्या. नात पयल्यांदा घरात येतेय, शुभाच्या दिवशी काळं कशाला? सगल्यांना लाल बांधली. जमीनपण पुसून घेतली, मडकी हिकडची तिकडं करून."

"आये, तू हात लावलास?"

"देवाचं नाव घेऊन लावला. काय झाला नाय."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला तर भिंतीला टेकावंसं वाटलं, पण भिंतीलाही मडकी लागलेली होती. यातल्या कुठल्या मडक्यात नाग, कुठल्यात घोणस, कुठल्यात गरीब, बिनविषारी दिवड, हे आता एकट्या परमेश्वराला माहीत.

काम सुरू केलं. रीत सांगते. मडकं आडवं करायचं, त्याच्या तोंडाला काळ्या कापडाची लांब पिशवी लावायची आणि मागे उभं राहून फडक्याची गाठ सोडायची. साप अंधाराकडे जातो, म्हणून तो पिशवीत शिरतो. मग सुरेश त्याला आकड्याने धरणार आणि मी हातभर अंतरावरून बघणार. तोंड सडलंय का, अंगाला गोचीड आहे का, बरगड्या दिसतात का. धड असेल तो जीपमध्ये, आजारी असेल तो वेगळा.

पहिल्यातून दिवड निघाली. दुसऱ्यातून धामण. जरा धीर आला. तिसऱ्याची गाठ सोडली आणि आतून कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज आला. घोणस. मी मागे उडी मारली ती साहेबांच्या पायावर. साहेब ओरडले, मी ओरडले, सुरेश तेवढा शांत. "वरडू नका, तिला तरास होतो," म्हणाला. तिला त्रास! माझं काळीज तोंडाशी आलं होतं, त्याचं कोणाला काही नाही. पुढचं प्रत्येक मडकं तसंच गेलं. गाठ सुटेपर्यंत श्वास धरायचा, आणि काय निघालं ते कळलं की सोडायचा. मी दोनदा बाहेर जाऊन पाणी प्यायले, आणि दोन्ही वेळा परत आत जाऊ नये असं वाटलं.

खोली रिकामी होत आली तेव्हा एका मडक्यातून काहीच निघालं नाही. सुरेशने ते हलवलं. साहेबांनी बॅटरी मारली. रिकामं.

"हे रिकामं कसं?" साहेबांनी विचारलं.

सुरेशच्या आधी आई म्हणाली, "गाठ सैल होती त्याची. मी घट केली."

"काय होतं यात?"

"नागाचं पिल्लू," सुरेश हळू म्हणाला.

नागाचं पिल्लू म्हणजे वीतभर, करंगळीएवढं. पण अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून त्याला विष असतं. वीतभर साप घरात कुठेही मावतो. चपलेत मावतो, उशीत मावतो. पुढल्या खोलीत आईने पाळणा बांधून ठेवला होता, त्यात चार दुपट्यांची चळत होती. आईचे, साहेबांचे आणि माझे डोळे एकदमच तिकडे गेले.

तेवढ्यात रिक्षा वाजली.

वैशाली बाळाला छातीशी धरून उतरली. मागे तिचे वडील, हातात पिशव्या. तिच्या सासूबाई, सुरेशची आई, भाकरतुकडा घेऊन दाराशी धावल्या. बाळ पहिल्यांदा घरी आलं की त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. मी त्यांच्या आधी दारात पोचले आणि दोन्ही हात आडवे लावले.

"आत यायचं नाही."

"तुम्ही कोण?" वडील म्हणाले.

"डॉक्टर."

"काय झालंय?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. वैशालीचा चेहरा पांढरा पडला, पण ती ओरडली नाही. बाळाला तिने आणखी जवळ घेतलं. वडील म्हणाले, "चल परत." सासूबाई म्हणाल्या, "अवो थांबा, सापडंल ना! वैशाले, गो, तू पडवीत बस. सावली हाय. उन्हात नको पोरीला." पडवीत खुर्ची होती. तिच्यावर वैशाली बसली. मलाही वाटलं, बरं झालं, पडवी मोकळी आहे, इथे बाळ सुरक्षित आहे.

आम्ही आत शोधायला लागलो. एकेक वस्तू काठीने उचलून अंगणात टाकायची. गोधड्या, कळशा, कपड्यांची ट्रंक. पाळण्यातली दुपटी साहेबांनी काठीच्या टोकाने एकेक करून उचलली. काही सापडलं की वाईट आणि नाही सापडलं की त्याहून वाईट. आणि सुरेश? तो घटकेघटकेला पडवीत जात होता.

"वैशाली, तू अंगणात बस."

"ऊन हाय."

परत थोड्या वेळाने, "अगो, शेजारी जाऊन बस ना."

"का?"

"तसंच."

त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटलेला मी बघितला. मला वाटलं, घाबरलाय बिचारा. तिसऱ्यांदा तो गेला तेव्हा मी झाडू घेऊन दाराशीच होते. वैशाली त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तो जिकडे बघत होता तिकडे तिने बघितलं. तिच्या डोक्यावर, भिंतीच्या खुंटीला, त्याची डब्याची भरलेली पिशवी लटकत होती. कंपनीत नेतो ती.

"आज रजा घेतलीस ना तू?" तिने विचारलं.

"व्हय."

"मग डबा कोणासाठी भरलास?"



पिशवीच्या तळाशी कापड हललं. जरासंच. मी बघितलं, तिनेही बघितलं. बाळाची टाळू त्या पिशवीखाली हातभर अंतरावर होती. वैशाली घाईने उठली नाही. आधी तिने बाळाचं डोकं आपल्या हाताने झाकलं, मग खाली वाकून, पाय न वाजवता, खुर्चीतून सरकली आणि अंगणात चालत गेली. वडिलांनी बाळ तिच्याकडून घेतलं.

सुरेशने पिशवी काढली. आत गाठ मारलेली दुसरी लहान पिशवी होती. साहेबांनी ती आकड्याने उचलून रिकाम्या मडक्यात सोडली. कापडाच्या पिशवीतून साप चावू शकतो. हे सुरेशला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

"हे घरात जन्मलंय, साहेब," तो रडायला लागला. "अंडी मी उबवली. बाकीची गेली, हे एकटंच जगलं. सगळे दिले ना मी? एक..."

"आम्ही तासभर पाळणा झाडतोय, आणि तू बघतोयस!" साहेबांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भीती उतरली की तिचा राग होतो, आणि माझा राग साधा नसतो.

"तुम्ही केस केली असती," सुरेश म्हणाला.

"अरे, आणि ती तिथं बसली तेव्हा?" साहेब म्हणाले.

वैशाली जवळ आली. बाळ तिच्या वडिलांकडे होतं. तिने आवाज वाढवला नाही.

"साप ठेवलास त्याचं मी बघून घेतलं असतं," ती म्हणाली. "मी त्याच्याखाली बसले, पोरीला घेऊन. आणि तू मला ऊन लागेल तिथं बस म्हणालास. वर साप हाय, उठ, असं म्हणाला नायस."

सासूबाईंच्या हातातला भाकरतुकडा तसाच राहिला. वैशाली त्यांच्या पाया पडली, वडिलांनी थांबवून ठेवलेल्या त्याच रिक्षात बसली आणि पेणला परत गेली. सुरेश रिक्षामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि तिथेच उभा राहिला.

सगळे साप, घोरपड आणि कासवं आम्ही आत दूर जंगलात सोडली, जिथे कुठल्याच गावाची हद्द नाही. ते पिल्लूही. ते धड होतं, मी सही केली. साहेबांनी केस केली नाही. म्हणाले, याला शिक्षा झालीय.

ती खरंच झाली. वैशाली आली ती पुढल्या वर्षी, मुलगी चालायला लागल्यावर. तोवर सुरेश दर सुट्टीला पेणला जायचा, कारखान्याच्या दारात बसायचा आणि लेकीला लांबून बघून यायचा. साप अजून पकडतो, पण पकडला की तसाच वनखात्यात नेऊन देतो. घरी आला की डब्याची पिशवी उंबऱ्याबाहेर उलटी करून झटकतो, मग आत येतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. वैशाली दारात उभी असते.

मी त्यानंतर बरीच वर्षं नोकरी केली. कोणाच्याही घरी जनावरं बघायला गेले की मालक सांगायचा, बाई, एवढीच आहेत. मी मान डोलवायचे आणि आत जाऊन त्याच्या बायकोला विचारायचे.