बॅटरीशिवायचा इन्व्हर्टर

आजोबा व्हिडिओ कॉलवर का येत नाहीत, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. तुमच्या वडिलांनी ‘थकलेत’ असं सांगितलं. मी खरं ते लिहिते, क्रमाने.

आजोबांची सगळी नोकरी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. आमच्या गल्लीत घरोघरी जिन्याखाली बॅटरी आहे. आमच्याकडे ती कधी आली नाही. वीज केंद्राच्या माणसाकडे बॅटरी म्हणजे हलवायाच्या घरी बाजारचे पेढे, असं ते म्हणत. लाईट गेली की ते घड्याळाकडे बघून सांगायचे, ‘येतेच आता.’ बहुतेक वेळा यायचीही.

सिगारेटींनी फुप्फुसं गेली तेव्हा घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दुपारी दोन तास आणि रात्रभर लावायचं. ते विजेवर चालतं. त्याच वर्षी तुमच्या वडिलांनी तिकडे बसून ठरवलं की छतावर सोलर घ्यायचं.

सोलरचा इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा. आमच्यापुढे दोन प्रकार होते. ऑन-ग्रिडला बॅटरी नसते. उरलेली वीज बाहेरच्या लाईनीत जाते, पण लाईन बंद पडली की तोही बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसेल. दुसरा हायब्रीड, बॅटरीसकट. लाईन गेली तरी घर चालवणारा. दोन्हींची इंग्रजी माहितीपुस्तकं मी पेन्सिल घेऊन वाचली होती. माझं इंग्रजीतलं एम.ए. या घरात पासपोर्टचे फॉर्म भरण्यापुरतं आहे. विजेतलं मला काही कळेल असं कुणाला वाटत नाही.

सोलर बसवणारा व्हरांड्यात येऊन बसला, तेव्हा मी हायब्रीडच घेऊ म्हटलं. म्हणाला, ‘काकू बरोबर सांगून राहिल्या, काकाजी. मशीन आहे न घरी. हायब्रीडच घ्या.’

‘तुले बॅटरी विकायची आहे,’ आजोबा म्हणाले.

‘विकायची तं आहेच जी. पण लाईन गेली तं भर उन्हात बी हे पॅनेल काही कामाचे नाही.’

‘लाईन काहून जाईन? अन् गेली तं किती वेळ? उमर गेली माझी त्याच्यात.’

मी म्हटलं, ‘अहो, उन्हाळ्यात...’

‘तुले काय समजते वं त्यातलं!’

टेबलावर फोन उभा करून ठेवला होता. त्यातून तुमचे वडील म्हणाले, ‘आई, बॅटरी म्हणजे नसती कटकट. बाबांना कळतं त्यातलं. ऑन-ग्रिडच घ्या, ॲपवर मला इथून सगळं दिसेल.’

मी चहा करायला आत गेले. ती माझी चूक, आणि मी ती लपवत नाही.

मे महिन्यात एका दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. आजोबा जेवून, मशीन लावून नुकतेच पडले होते. मशीन एकदा केकाटलं आणि गप्प झालं. छतावर पॅनेलला हात लावता येणार नाही असं ऊन, आणि खाली पंखासुद्धा नाही. जपून ठेवलेलं ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर मी लावलं. ‘येतेच आता,’ ते म्हणाले. दोन तासांनी सिलिंडर संपलं. त्यांचे ओठ जांभळे पडले तेव्हाही नजर घड्याळावरच होती. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात जात असताना तुमच्या वडिलांचा मेसेज आला: ‘आई, बारापासून जनरेशन शून्य दाखवतंय. पॅनेलवर धूळ बसली असेल, पुसून घ्या.’

नऊ दिवसांनी आजोबा घरी आले. आता नाकातली नळी निघतच नाही. चार शब्द बोलले की दम लागतो. तुम्ही त्यांना तसं बघू नये असं त्यांना वाटतं. म्हणून ते येत नाहीत.

हायब्रीडचा अर्ज मी भरला. पण मीटर त्यांच्या नावावर, तेव्हा सही त्यांचीच हवी. दोन दिवस कागद त्यांच्या उशाशी पडून होता.

‘लोकं हसतीन न वं,’ ते म्हणाले. ‘पॉवर स्टेशनच्या माणसाच्या घरी बॅटरी.’

‘हसू द्या. हसायला त्यांच्याजवळ श्वास आहे.’

असं मी त्यांना जन्मात कधी बोलले नव्हते. त्यांनी सही केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

बॅटरी बसली. परवा लाईट बराच वेळ गेली होती. मशीन चालू राहिलं. संध्याकाळी तुमच्या वडिलांचा फोन आला. ‘बरं केलंस, आई. मीही आधीपासून हायब्रीडच म्हणत होतो.’

मी ‘हो’ म्हटलं. त्याला खरं सांगायचं तर ती दुपार पहिल्यापासून सांगावी लागली असती, आणि आजोबा शेजारच्या खोलीत जागेच होते.