हात काढा, मग बघू

लेखनाचा मला अधिकार नाही. सारे आयुष्य खरेदी विभागात इतरांच्या सहीची पत्रे लिहिण्यात गेले. साठीनंतर स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिण्याचे हे धाडस आपण सांभाळून घ्यावे. "हात काढा, मग बघू," हे वाक्य माझ्याखेरीज आता फारशा कोणाच्या स्मरणात नसावे, म्हणून लिहितो.

ते वाक्य साताऱ्यातील आमच्या अॅम्प्लिफायरच्या कारखान्यातल्या टेस्टिंग विभागाच्या साहेबांचे. मूळचे तासगावकडचे, बरीच वर्षे फौजेत सिग्नलमध्ये काढलेली, आवाज कायम चढा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या मुख्य कचेरीने कळवले की, तपासणी कॉम्प्युटरने होऊ लागली तर विभाग साताऱ्यात राहील. अन्यथा तो मुंबईला हलेल. विभागात बहुतेक मुली होत्या. त्यांच्यातली एकही मुंबईला जाऊ शकणार नव्हती.

उपकरणे निवडण्याचे काम साहेबांकडे आले. सिग्नल जनरेटर अॅम्प्लिफायरमध्ये लहर सोडतो, ऑसिलोस्कोप ती पडद्यावर दाखवतो. आता कोणती लहर सोडायची ते कॉम्प्युटरने सांगायचे आणि पडद्यावरचे माप त्यालाच परत पोचायचे. विक्रेते येत, बटणे फिरवून देखण्या लहरी काढून दाखवत. साहेब चहाचा कप खाली ठेवत.

"हात काढा, मग बघू."

विक्रेता हात काढी. लहर जिथल्या तिथे राही.

"म्हंजे फिरवायला तुमी रोज येनार व्हय?"

अखेर त्यांना हवी तशी जोडी सापडली. दिसायला ओबडधोबड, पडदा तळहाताएवढा. पण पाठीमागे कॉम्प्युटरची तार जोडण्याची सोय होती. कारखान्याच्या मॅनेजरांनी मात्र दुसरीच मागवली, तारेची सोय नसलेली.

"अहो, पडदा केवढा आहे बघा. पाहुण्यांना लांबून दिसेल."

"तपासायचं कॉम्प्युटरनं का पाहुण्यांनी?"

"आता ऑर्डर गेली आहे."

खंडेनवमीला त्या नव्या उपकरणांना हळदकुंकू वाहिले, झेंडूचे हार घातले. कॉम्प्युटर शेजारी मुका बसून होता.

मुख्य कचेरीची मंडळी पाहणीला यायच्या आदल्या दिवशी मॅनेजरांनी तोड काढली. जनरेटर पत्र्याच्या कपाटामागे ठेवायचा. तिथे बसून एकाने बटण फिरवायचे, जुन्या स्कोपवर माप पाहायचे आणि ते आकडे कॉम्प्युटरला टाइप करून पुरवायचे. समोरच्या मोठ्या पडद्यावर लहर आपोआप बदलताना दिसेल.

साहेब कपाटामागची जागा पाहू लागले. विभागात सर्वांत जुनी असलेली शकीला पुढे झाली.

"आवं साहेब, मी बसते की."

"न्हाई. सापडलीस तर नोकरी जाईल तुझी."

"आन तुमची?"

"मला पेन्शन हाय फौजेची."

दुसऱ्या दिवशी ते कपाटामागे गुडघे दुमडून बसले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. विभाग साताऱ्यात राहिला, मॅनेजरांना बढती मिळाली.

तेवढ्यावर हे संपले असते तर मी लेखणी उचलली नसती. परंतु एकदा दाखवलेला देखावा पुढे प्रत्येक पाहुण्याला दाखवणे भाग पडले. कधी बँकेचे अधिकारी, कधी कॉलेजातले विद्यार्थी. सारे उत्तम चालते आहे असे सिद्ध करून दिल्यावर नवी उपकरणे कोणत्या तोंडाने मागायची? निवृत्तीपर्यंत साहेब कपाटामागे जात राहिले. विक्रेते आले तर उठून बाहेर जात. मुलींना उत्तर देताना त्यांची नजर खाली असे.

निरोपाच्या दिवशी, यातले काहीच ठाऊक नसलेल्या नव्या मॅनेजरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि माणसाचा हात न लागता होणाऱ्या तपासणीचे श्रेय त्यांना दिले. साहेबांनी नमस्कार केला आणि ते गावी गेले. ते वारल्याचेही आम्हाला फार उशिरा कळले.

"आमच्या चुली त्यांनी राखल्या," शकीला मला म्हणाली, "पर त्यांच्याकडं बघवत न्हवतं."

मी पुष्कळ विचार केला. मला ठरवता आलेले नाही. त्या पहिल्या दिवशी त्यांनी कपाटामागे बसायला नकार द्यायला हवा होता का?