हळवे ब्रेक

अर्धी वाट सरली तरी दादाचा व्हॅनवरचा राग ओसरला नव्हता. पुढच्या चाकांतून धूर निघाला म्हणून तिला पेट्रोलपंपाशी उभी करून दोघं भाऊबहीण गॅरेजकडे पायी निघाली होती. बसने जाऊ या, असं धाकटीने सुचवून पाहिलं; पण या बसचे ब्रेक आपण आतून पाहिलेत, तेव्हा पायीच बरं, असं म्हणून त्याने तिला गप्प केलं.

अख्खा बाजार त्याला ब्रेकमास्तर म्हणायचा. गाडी कुणाचीही असो, पेडलवर पाय ठेवला की आत काय बिनसलंय ते त्याचा तळपाय सांगायचा. फक्त स्वतःच्या जुन्या व्हॅनकडे बघायला त्याला कधी सवड झाली नाही. तिचे ड्रमब्रेक इतके जड, की दाबताना तो सीटवरून उचलला जायचा. उतार आला की शेजारी बसलेली वहिनी आपलाही पाय समोरच्या फळीवर रोवायची आणि म्हणायची, ‘‘अहो, जगाचे ब्रेक करून झाले असतील, तर आता आपले बघा.’’

तो हसण्यावारी न्यायचा. मग आजारपणात वहिनी गेली, आणि त्याने व्हॅनचं काम हाती घेतलं.

त्याच कंपनीच्या नव्या व्हॅनचे डिस्कब्रेक त्याने पुढच्या चाकांना बसवले. पेडलचा जोर ब्रेकच्या तेलात उतरवणारा जुना मास्टर सिलिंडर ड्रमच्या सवयीने तेलाचा दाब धरून ठेवतो, म्हणून तोही नव्या व्हॅनचाच घातला, वर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लावला. पेडल एवढं हलकं झालं, की वहिनीनेही सहज दाबलं असतं. पण गाडी थोडी पळाली की चाकं तापायची आणि मागचा ब्रेकचा लाल दिवा विझायचाच नाही. दादाने नळ्या बदलल्या, दिव्याचं बटण बदललं, सगळं उलगडून पुन्हा जोडलं. म्हातारीला नवं सोसत नाही, हेच तो आताही तणतणत सांगत होता.

ऐकता ऐकता धाकटीची नजर खाली गेली. त्याच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती पार मागे, पुलाच्या तोंडाशी पडली होती. तिथपासून तो तापलेल्या डांबरावरून तसाच आला होता, आणि अंगठ्यातून रक्त येत होतं.

‘‘दादा, चप्पल कुठे तुझी?’’

त्याने पायाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. रक्तातल्या साखरेने पाय बधिर होतील, असं डॉक्टर सांगून थकले होते. ती चप्पल घेऊन आली, तेव्हा तो कठड्यावर बसून नखाने तळवा टोचून बघत होता. पोळण्या-खरचटण्यावरच निभावलं, देवाची कृपा, असं पुटपुटत तिने अंगठ्याला रुमाल बांधला.

‘‘ब्रेक चांगलेच आहेत गं,’’ तो म्हणाला. ‘‘माझाच पाय पडून राहतोय त्यांच्यावर.’’

क्लच सोडला की डावा पाय घसरून शेजारच्या पेडलवर टेकत होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. जुन्या जड ब्रेकांनी नुसत्या पायाच्या भाराला कधी जुमानलं नसतं; या हळव्यांना तेवढाही पुरत होता.

आपण चालवायला कुणी माणूस ठेवू, ती म्हणाली. त्याने खिशातून व्हॅनची किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटली.

‘‘तुझ्याजवळ ठेव, छोटे. एखाद्या दिवशी मला वाटेल, आज पाय बरा आहे, आणि मी मागायला येईन. चिडेन, गोड बोलेन, तुझ्या वहिनीची शपथसुद्धा घालेन. तरी देऊ नकोस.’’