बंदोबस्तानंतरचे दुखणे

चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी मी नातवंडांना सांगतो. पण नोकरीतला जो तपास माझ्या मनातून कधी पुसला गेला नाही, त्यात संशयित म्हणून माझ्यासमोर उभा होता तो माझ्याच ठाण्याचा शिपाई.

नंदुरबार जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हा शिपाई नवापूर तालुक्यातल्या पाड्यावरचा. कामाला चोख, बोलायला कमी. पण वरचेवर आजारी. दर वेळी खासगी डॉक्टरचे पाठदुखीचे प्रमाणपत्र आणायचा.

होळीनंतर विसरवाडीच्या चौफुलीवरचा चहावाला, माझा जुना खबऱ्या, हळूच म्हणाला, “साहेब, तुमना तो शिपाई बिमार शे ना? होळीमा ढोल वाजाडी ऱ्हायंता. मी मन्हा डोयाघाई देखं.”

मी खात्री केली. खबर पक्की होती. उपअधीक्षकांच्या कानावरही ती गेली आणि निलंबनाचा प्रस्ताव पाठवा, असा फोन आला. त्याच्या पगारावर आई आणि लग्नाची बहीण अवलंबून होती.

मी त्याला बोलावले.

“ढोल वाजवलास?”

“वाजवला साहेब.”

“मग आजारी नव्हतास?”

“होतो.”

“पाठ दुखत होती?”

तो गप्प. चोर खोटे बोलतो तेव्हा बडबडतो, हा माझा अनुभव. हा गप्प राहत होता.

ठाण्याचे जुने हवालदार मागून म्हणाले, “साहेब, याच्या दुखण्याला बंदोबस्ताचा वास येतो. बंदोबस्त उरकला की पठ्ठ्या आडवा.”

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्या वाक्यातला एक शब्द मला खटकला: उरकला. कामचुकार माणूस बंदोबस्ताच्या आधी आजारी पडतो. हा तर रात्रभर थंडीत उभा राहून, ड्यूटी पुरी करून मग पडत होता. अशी चुकवेगिरी कोण करील?

माझे वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाल होते. एकदा तापाने अंथरुणाला खिळले, तर मुकादमाने त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला. काय झाले, हे विचारायलाही कोणी आले नाही. त्याच वडिलांनी मला शिकवले, घराण्यातला पहिला पदवीधर केले. मी प्रस्ताव थांबवला आणि तो पुन्हा आजारी पडला तेव्हा साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो.

चैत्राच्या उन्हात तो अंगणात स्वेटर घालून बसला होता. शेजारी पाण्याचा तांब्या. डोळे पिवळसर. बहिणीने चहा आणला.

मी म्हणालो, “आजाराचं नाव मला सांगू नकोस. ते सरकारी डॉक्टरांना सांग. तुला कोणतं काम झेपेल, एवढंच मला त्यांच्याकडून कळू दे.”

बोलली ती बहीण.

“दादा, सांग ना. लपवून जमवलेलं लग्न मला नको.”

मग तो बोलला. त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. थंडी, तहान, अतिश्रम झाले की अंगात सुऱ्या खुपसल्यासारख्या कळा. कळ उतरली की माणूस धडधाकट. आजार आनुवंशिक. गावात कळले तर बहिणीची सोयरीक मोडेल, म्हणून पाठदुखीचे निमित्त.

“आणि ढोल?”

“होळीच्या ढोलाचा मान आमच्याच घराचा, साहेब. कळ उतरली होती. गेलो नसतो तर लोकांनी विचारलं असतं, याला काय झालंय.”

मी त्याला रीतसर मेमो देऊन सरकारी रुग्णालयात पाठवले. अभिप्राय आला: उपचार चालू ठेवावेत, रात्रीची उभी ड्यूटी देऊ नये. त्याला संगणकावर बसवले. कारण खोटे दिले म्हणून लेखी ताकीद दिली. आजार खरा म्हणून रजा मंजूर केली. आजाराचे कागद मोहोरबंद पाकिटात. ठाण्यात कोणी विचारले तर माझे एकच उत्तर असे, “डॉक्टरांचा सल्ला आहे.”

उपअधीक्षकांनी विचारले, “माणूस वाचवताय की नियम?”

“साहेब, नियमानंच माणूस वाचवतोय.”

ते ‘ठीक आहे’ म्हणाले. त्या ‘ठीक आहे’चा मला पदकाइतका अभिमान आहे.

पुढे तो स्वतः नवऱ्या मुलाच्या घरी जाऊन सगळे सांगून आला. दोघांची तपासणी झाली. बहीण नुसती वाहक निघाली, तिला स्वतःला आजार नव्हता; मुलगा तर वाहकही नव्हता. लग्नाला काही अडचण नाही, असे डॉक्टरांनी दोन्ही घरांना बसवून समजावले.

लग्नाला आम्ही सगळे ठाण्यातले गेलो. ढोल त्याच्याच गळ्यात होता. आता आजार त्याने स्वतःहून सगळ्यांना सांगितला होता. मी रजेचे अर्ज आयुष्यभर पाहिले, पण अर्जामागच्या माणसाला आधी विचारावे आणि मगच ठरवावे, हे मी या प्रकरणात पक्के शिकलो. माझ्याबरोबर आणखी एक जण शिकला. वाजवणे जरा थांबले की टोमणा मारणारे ते हवालदार गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी जात आणि न बोलता पाण्याचा तांब्या पुढे करत.