तुटायलाच केलेला बोल्ट

आमच्या लाझ वस्तीचा बर्फ झाल्का हटवते. दरीतल्या मोठ्या रस्त्यापासून वर माझ्या फाटकापर्यंतचा सगळा चढ तिच्या अंगावर आहे. बर्फ उडवायचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे बसवलेलं, त्यामुळे अख्खा चढ उलटा चालवत, मान मागे वळवून यावं लागतं. आधी हे काम तिचा नवरा येर्नेय करायचा. कितीतरी हिवाळे मान वळवून वळवून ती एकदाची आखडली, तेव्हा झाल्का त्याची कानटोपी घालून सीटवर चढली ती चढलीच. आता येर्नेय घरी कुट्टूच्या पिठाची उकड करतो आणि गुठळ्या राहिल्या म्हणून बायकोची बोलणी खातो.

मी वालेंतिन. वस्तीतलं शेवटचं घर माझं, पुढे जंगल आणि कोल्हे. माझं वय ऐंशीच्या पुढे गेलंय, पण ते माझ्यापेक्षा माझ्या मुलीच्याच जास्त लक्षात असतं.

यंदा पहिल्याच बर्फात घोटाळा झाला. यंत्राच्या तोंडाशी मोठं मळसूत्र फिरतं, ते दांड्याला एका बोल्टने जोडलेलं असतं. दगडधोंडा अडकला की तो बोल्ट तुटतो, मळसूत्र थांबतं आणि आतला गिअरबॉक्स वाचतो. झाल्काकडचे चांगले बोल्ट संपले होते. येर्नेयने कुंपणाच्या फाटकाचे मऊ बोल्ट काढून दिले. बर्फ ओला आणि जड. दगड राहिला बाजूला, नुसत्या बर्फाच्या ओझ्यानेच ते एकामागून एक तुटले. ती अर्ध्या चढावरून परत गेली आणि मी दोन दिवस घरात कोंडला गेलो. नेमक्या तेव्हाच माझ्या हृदयाच्या गोळ्या संपल्या.

मेतकाचा, म्हणजे माझ्या मुलीचा, ल्युब्लियानाहून फोन आला.

"बाबा, आता बस झालं. आणखी एकदा रस्ता बंद पडला की मी तुम्हाला इकडे घेऊन येणार. खोली तयार आहे."

"पाचव्या मजल्यावरची? तिथे बसून काय करू, लोकांच्या गाड्या मोजू?"

"विषय बदलू नका. शब्द द्या."

दिला. दिलेला शब्द मोडायचा नसतो हे तिला मीच लहानपणी शिकवलेलं, त्यामुळे आता बोलायची सोय नव्हती. ज्या घरात जन्मलो तिथून खोक्यांत भरून जायचं, या विचाराने माझी झोप उडाली.

रविवारी प्रार्थनेनंतर खानावळीत सगळे जमले. मधल्या वळणावरचा विन्को तिथे होताच. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

"अगं झाल्का, एकदाचा कडक बोल्ट टाक की. डोक्यावर १०.९ कोरलेला. येर्नेयच्या डोक्याहून टणक! कधी तुटायचा नाही."

"तुटायचा नाही, तेच तर वाईट."

"ऐका रे! बोल्ट तुटावा म्हणून ही बाई मेणबत्ती लावणार!"

"त्याचं कामच ते आहे, विन्को. तो नाही तुटला तर गिअरबॉक्स फुटेल. मग उन्हाळा येईपर्यंत तू जाशील का फावडं घेऊन काकांच्या फाटकापर्यंत?"

"मी? माझी कंबर..."

"मग जीभ पाठव. ती बरी चालते."

सगळे हसले. मी हसलो नाही. खरं सांगायचं तर मला विन्कोचंच पटत होतं. मी हळूच म्हणालो, "झाल्का, एवढा एक हिवाळा टाक गं कडक."

"काका, तुम्हीसुद्धा?" ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला एका दिवसाचा रस्ता हवाय की अख्ख्या हिवाळ्याचा?"

मी टोपी घालून उठलो. उठलो म्हणजे पटलं असं नव्हे.

यंत्राच्या पुस्तकात ८.८चा, म्हणजे मधल्या कडकपणाचा, बोल्ट लिहिलेला. खालच्या गावातल्या दुकानात एक तर कडक होते, नाहीतर मऊ. मधले मागवावे लागतील, ते नव्या वर्षानंतर येतील, असं उत्तर मिळालं. आणि शुक्रवारी मोठा बर्फ पडणार असं रेडिओ सांगत होता. गुरुवारी झाल्काने जुन्या चांगल्या बोल्टचे दोन तुकडे चिकटपट्टीने जोडून खिशात टाकले आणि खिंडीपलीकडच्या गावाला निघाली. मला हिवाळाभराच्या गोळ्या आणून ठेवायच्या होत्या, म्हणून मीही गाडीत बसलो.

तिथल्या दुकानदाराने खोकं पुढे सरकवलं. झाल्काने एक बोल्ट उचलला, आपल्या तुकड्यांशेजारी धरला आणि परत ठेवला.

"का? डोक्यावर ८.८ आहे, जाडी तीच आहे."

"आटे बघा ना कुठपर्यंत आलेत. तुटायच्या जागी आटे आले तर हा उगाच लवकर तुटेल. तिथे मला गुळगुळीत दांडा हवा."

"बाई, बोल्ट घ्यायचाय, जावई नाही करायचा."

"जावई पटकन केला होता. म्हणूनच आता बघून घेतेय."

तो पुटपुटत शिडीवर चढला आणि धूळ बसलेलं दुसरं खोकं घेऊन आला. तिने त्यातला एकेक बोल्ट काढून तुकड्यांशी ताडून पाहिला. मी दारात उभा राहून आभाळाकडे बघत होतो आणि मनातल्या मनात तिला शिव्या देत होतो. परतताना खिंडीतच बर्फ सुरू झाला.

शुक्रवारभर पडला. शनिवारी सकाळी खिडकीचा खालचा अर्धा भाग पांढरा होता. वरच्या भागातून मला झाल्काचा ट्रॅक्टर चढताना दिसला. तो मधल्या वळणावर आला, खणकन आवाज झाला, उडणारा बर्फ थांबला आणि झाल्काने इंजिन बंद केलं. झालं, म्हटलं, आता पाचवा मजला.

मी तसाच अंगणाच्या कडेला गेलो. तिथून वळण सरळ खाली दिसतं, आणि बर्फातल्या शांततेत बोलणंही ऐकू येतं. झाल्काने यंत्राच्या तोंडातून काहीतरी ओढून काढलं. लोखंडी कांब होती, टोकाला लाल फडकं बांधलेली.

नोव्हेंबरात मार्टिनचा सण झाला की प्रत्येक घराने आपल्या हद्दीत रस्त्याच्या कडेला हेझेलच्या झुडपाच्या काठ्या रोवायच्या, हा आमच्याकडचा रिवाज. बर्फात कडा कळते, आणि काठी यंत्रात गेलीच तर तिचा भुगा होतो. विन्को घरातून धावत आला होता.

"दर वर्षी मेली काठी मोडते," तो म्हणत होता, "म्हणून म्हटलं, एकदाच काय ते पक्कं..."

"पक्कं!" झाल्काने कांब त्याच्या हातात दिली. "आज तुझा कडक बोल्ट आत असता तर गिअरबॉक्सचे तुकडे वेचत बसलो असतो."

विन्को चक्क फावडं आणून यंत्राचं तोंड मोकळं करायला लागला. झाल्काने खिशातून नवा बोल्ट काढला, हातोडीने जुने तुकडे ठोकून पाडले, नवा बसवून नट आवळला. माझे कान झोंबायला लागायच्या आत मळसूत्र पुन्हा फिरू लागलं. ती माझ्या फाटकापाशी पोचली तेव्हा मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तिच्या मागोमाग मेतकाची गाडी आली. मागच्या सीटवर घडी केलेली रिकामी खोकी होती.

"वळणावर ट्रॅक्टर बंद पडलेला बघितला मी," ती उतरता उतरता म्हणाली. "म्हणजे रस्ता बंदच पडला ना, बाबा?"

मी काही बोलायच्या आत झाल्का म्हणाली, "बंद पडला असता तर तू चढून आली असतीस का? बोल्ट तुटला गं. तुटला म्हणून तर रस्ता चालू आहे."

मेतकाने खाली वळणापर्यंत नजर टाकली. रस्ता दोन्ही कडांना स्वच्छ कापलेला होता. मग ती आत आली, आम्ही तिघांनी कॉफी घेतली, पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, कापला, आणि खोलीचा विषय कुणीच काढला नाही.

संध्याकाळी ती एकटीच परत गेली. खोकी मात्र तिने माझ्या लाकडाच्या खोपीत ठेवली, पुढे लागतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्याच खोक्यांनी चूल पेटवली.